मंचय्याच्या संदेशातली सोळा अक्षरं

१

गुरुवारी सकाळी नऊ वाजता वारिजा ऑफिसात शिरली, तेव्हा तिच्या टेबलावर एक कागद सहीची वाट पाहत पडला होता. कागदावर चार ओळी होत्या. यंत्रणेत कोणताही दोष आढळला नाही, मंगळवारचा संदेश जसा आला तसाच पुढे गेला, असा त्यांचा अर्थ. खाली वारिजाचं नाव छापलेलं होतं. तपासणीआधीच निकाल छापून ठेवायची उदयशंकरांची ही पद्धत तिला बारा वर्षांपासून ठाऊक होती, आणि बारा वर्षं तिचा राग येत होता.

"सही कर आणि दुपारपर्यंत अत्तीकेरेला पोहोच," उदयशंकर म्हणाले. ते मालक होते आणि आज त्यांनी कॉफीसुद्धा उभ्यानेच घेतली होती. "चारला तिथे हत्ती समितीची बैठक आहे. त्या मंचय्याला कायमचा काढायचं ठरलंय. आपला कागद वाचला की विषय संपला."

"तपासलं कोणी?"

"त्यात तपासायचं काय? नोंद बघ की."

नोंद वारिजाने रात्रीच पाहिली होती, आणि झोप तिथेच उडाली होती. मंगळवार, सकाळी सहा दहा. पाठवणारा मंचय्या. गाव कल्लुकोप्प. हत्ती नऊ. आणि त्याच मंगळवारी पावणेआठ वाजता ते नऊ हत्ती कल्लुकोप्पात नाही, तर अलीकडच्या अत्तीकेरेत उतरले. कॉफी तोडायला निघालेल्या काळम्माला एका हत्तिणीने उचलून बांधावर फेकलं. खुबा मोडला, तीन बरगड्या गेल्या. बाई जगली, पण पुन्हा चालेल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. अत्तीकेरेतल्या एकाही फोनवर इशारा वाजला नव्हता.

हासनमधल्या टायरच्या दुकानावरच्या या तीन खोल्यांत 'आने-सुद्दी' जन्माला आली होती. आने-सुद्दी म्हणजे हत्तीची खबर. घाटातल्या अकरा गावांनी मिळून समिती केली होती आणि सात माग काढणारे नेमले होते. माग काढणाऱ्याने पहाटे कळप पाहायचा आणि फोनवरून एक ओळ पाठवायची, दिवसा कळप हलला तर पुन्हा एक. ओळीत आधी त्याचा स्वतःचा क्रमांक, मग गाव, शेवटी हत्तींचा आकडा, आणि प्रत्येक दोन गोष्टींमध्ये एक उभी रेघ. यंत्र ती ओळ रेघांवरून उलगडायचं आणि त्या गावातल्या सगळ्या फोनवर इशारा धाडायचं. वारिजाने स्वतःचाही फोन त्यात जोडून घेतला होता. रोज सकाळी सव्वासहाच्या सुमारास तो वाजला की यंत्र चालू आहे असं समजून ती निवांतपणे दुसरी कूस घ्यायची. मंगळवारीही तो वाजला होता, आणि आजही.

ती निरूपच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. यंत्राचं सगळं लिखाण त्याचं. पोरगं सव्वीसचं, हुशार, आणि ते त्यालाही माहीत होतं.

"मंचय्याचा मूळ संदेश दाखव."

"मूळ ठेवत नाही, अक्का. वाचला, तुकडे उचलले, टाकून दिला. जागा खातात म्हणून सरांनीच सांगितलं होतं."

"यंत्राला न कळलेल्या संदेशांची यादी?"

"कोरी करकरीत!" निरूप खुलला. "नवा साचा बसवल्यापासून बारा दिवसांत एकही संदेश परत गेला नाही. आधी चाळीस ओळी होत्या, आता एक रेजेक्स. जावास्क्रिप्टची एकच ओळ. आलेलं वाक्य साच्यात बसतं का बघते, आणि बसलं की हवे ते तुकडे कंसात धरते."

बारा दिवस. वारिजाने जुन्या नोंदी काढल्या. तीन वर्षं मंचय्याच्या नावापुढे रोज तीन-तीन, चार-चार गावं होती. गेले बारा दिवस एकेकच.

"आळशी झाला," उदयशंकर मागून म्हणाले. "पितोही म्हणे."

"तीन वर्षं रोज चार नावं लिहिणारा माणूस नेमका नवा साचा बसला त्याच दिवशी आळशी होतो, सर?"

निरूपला ते झोंबलं. "अक्का, बाकी सहा जणांचे संदेश बघ ना. एकूण एक बरोबर. गाव बरोबर, आकडा बरोबर. माझा साचा चुकीचा असता, तर तो एकट्या मंचय्याशीच वैर का धरेल?"

वारिजाने सही न करताच कागदाची घडी घातली आणि पिशवीत टाकली.

२

अत्तीकेरेच्या मळ्यात कॉफी वाळवायचं मोठं खळं होतं. बैठक तिथेच होणार होती. जीपमधून उतरताच वारिजाला कळलं की बैठकीआधीच निकाल लागलेला आहे. खळ्याच्या कडेला पंधरा-वीस माणसं बसली होती आणि त्यांच्या बोलण्यात मंचय्याच्या आईचा सारखा उद्धार होत होता.

मळ्याचा रायटर सोमेगौडा पुढे आला. रायटर म्हणजे मजुरांची हजेरी घेणारा, तोडणीचं वजन करणारा, आणि मालक बेंगळूरला असल्यामुळे इथला राजा.

"या मॅडम. कागद आणलात? वाचून टाका म्हणजे आम्ही मोकळे."

"मंचय्या कुठाय?"

"धुराड्यामागे बसलाय तोंड लपवून. त्याच्याशी काय बोलायचंय? फोन दाखव म्हटलं तर म्हणतो ओढ्यात पडला. बघा हां, संदेश चुकला त्याच दिवशी फोनला पोहायची हौस आली!" माणसं हसली. "त्याच्या जागी आमचा चिदानंद कालपासून रुजूसुद्धा झालाय."

"आमचा म्हणजे?"

"बहिणीचा मुलगा," सोमेगौडा जरा हळू म्हणाला. "पण काम मंचय्याकडेच शिकलाय दोन महिने. लायक आहे म्हणून घेतला."

वारिजाने हे मनात टिपलं. ज्याला भाच्यासाठी जागा हवी होती, त्याने मंचय्याच्या फोनशी काही खेळ केला असेल का? पण संदेश सहा दहाला गेला तेव्हा मंचय्या जंगलात एकटा होता, आणि सोमेगौडाला तर स्वतःचा फोनही भाचा लावून द्यायचा.

खळ्याच्या कठड्यावर एक माणूस कोणाशी न बोलता बसला होता. त्याच्या हातात बाईमाणसाचा फोन होता, मागे फुलाफुलांचं झाकण असलेला. तो काळम्माचा नवरा बसवय्या. वारिजा जवळ गेली तेव्हा त्याने मान वर केली नाही.

"तिच्या कमरेला बांधलेला होता," तो म्हणाला. "ती पडली, याला खरचटलंसुद्धा नाही. बघा तुम्ही. आवाज पूर्ण मोठा आहे. वाजला असता तर ती घराबाहेर पडली नसती. हत्तीला घाबरायची ती फार."

वारिजाने फोन पाहिला. नाव नोंदलेलं होतं, गाव अत्तीकेरे. शेवटचा इशारा तेरा दिवसांपूर्वीचा.

"यानंतर एकदाही वाजला नाही?"

"नाही. आम्ही म्हटलं, बरंय, हत्ती दुसरीकडे गेले."

"आमच्याकडे आले ना!" कल्लुकोप्पाचा एक दुकानदार मोठ्याने म्हणाला. "बारा दिवस रोज सकाळी इशारा. बायका दारं लावून बसतात, पोरं शाळेला जात नाहीत. आणि हत्ती? आमच्या गावात हत्ती फक्त फोनवर येतात हो. शेपूट दिसली नाही एकाची!"

पुन्हा हशा पिकला. वारिजाला मात्र हसू आलं नाही. एका गावाला इशारे येतात आणि हत्ती येत नाहीत, दुसऱ्या गावात हत्ती येतात आणि इशारे येत नाहीत. बारा दिवस रोज गाव चुकवणारा माणूस दारुडा असेल, तर तो चुकायचा तरी रोज वेगवेगळं. हा रोज एकसारखाच कसा चुकत होता?

"मॅडम," बसवय्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं, "त्याने मुद्दाम केलं का, एवढंच सांगा. माझ्या घरी जेवलेला माणूस आहे तो."

३

मंचय्या धुराड्यामागे उकिडवा बसला होता. पन्नाशी उलटलेला, काटक, उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी. त्याच्याजवळ दारूचा वास नव्हता. ओल्या पाल्याचा होता.

"तुम्ही फोनवाल्या अम्मा का? विचारा. सगळे विचारूनच गेलेत. विचारतात आणि उत्तर स्वतःच देतात."

"हाताला काय झालं?"

"काळम्माला ओढ्यापलीकडे ओढत नेलं तेव्हा खडकाला घासला. फोन तेव्हाच गेला. एका हाताने बाई धरायची का फोन?"

तिला ओढून काढणारा हाच होता हे खळ्यावर कोणीही सांगितलं नव्हतं. वारिजा त्याच्यासमोर जमिनीवरच बसली.

"मंगळवारी तुम्ही काय लिहिलंत? आठवून सांगा."

"आठवायचं काय त्यात? रोज जसं लिहितो तसं. नेरळे, अत्तीकेरे, कल्लुकोप्प, नऊ."

"तीन गावं?"

"वाट होती तेवढी. रात्रभर नेरळेला केळी खाल्ल्या, पहाटे अत्तीकेरेच्या वरच्या अंगाला उभे, तोंड कल्लुकोप्पाकडे. मग काय लिहू?" त्याने काडीने जमिनीवर तीन टिंबं काढली आणि ती एका रेघेने जोडली. "माझा बाप असंच सांगायचा, झाडावर चढून ओरडून. खाल्लं कुठे, उभे कुठे, जाणार कुठे. याच क्रमाने. हत्ती गावात नसतो अम्मा, वाटेवर असतो. वाट सांगितली नाही तर काय सांगितलं?"

"बाकीचे सहा जणही असंच लिहितात?"

"छे! ती शिकलेली मंडळी. हत्ती दिसला ते एक गाव लिहायचं आणि चहा प्यायला जायचं."

निरूपने सकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यासमोर जमिनीवर काढलेलं होतं. साचा एकट्या मंचय्याशी वैर धरत नव्हता, तर गावांच्या ओळीशी धरत होता. आणि ओळ लिहिणारा मंचय्या एकटाच होता.

पण ही नुसती अटकळ होती. त्याचा फोन ओढ्यात, मूळ संदेश पुसलेला, आणि खळ्यावरचे लोक अटकळींवर माणूस सोडणाऱ्यांतले नव्हते. घड्याळात अडीच वाजले होते. तिला मंचय्याच्या शब्दाबाहेरचा पुरावा हवा होता, आणि तो दीड तासात हवा होता.

"तुम्ही नावं इंग्रजीत लिहिता ना? मोठ्या अक्षरांत? इथे लिहून दाखवा. रेघांसकट."

मंचय्याने काडीने धुळीत सावकाश लिहिलं. ती बोटांवर मोजत गेली. त्याचा क्रमांक एम सात, दोन अक्षरं. नेरळेची सहा, अत्तीकेरेची आठ, कल्लुकोप्पाची दहा. हत्तींच्या आकड्याचं एक. मधल्या उभ्या रेघा चार. सगळी मिळून एकतीस.

एकटं कल्लुकोप्प लिहिलं असतं, तर पंधरा.

तिने निरूपला फोन लावला. "संदेश आपल्याकडे ज्या कंपनीच्या लाइनवरून येतात, त्यांच्या पावत्या येतात ना? त्यात मजकूर नसतो, पण संदेश केवढा होता ते असतं."

"अक्षरांची संख्या असते. कोणी बघत नाही ती."

"मंगळवार, सहा दहा. मंचय्या. आत्ता बघ."

पलीकडे कळा वाजल्या, मग थांबल्या.

"निरूप?"

"एकतीस," तो म्हणाला.

४

"सोळा अक्षरं जास्त," वारिजा म्हणाली. "नेरळे सहा, अत्तीकेरे आठ, दोन रेघा. अकरा गावांतली दुसरी कोणतीही नावं घालून बघ. पण त्या वाटेवरची हीच दोन आहेत, आणि हीच नेमकी बसतात."

"पण अक्का, साच्याने संदेश घेतला! तीन गावं असती आणि साच्यात बसली नसती, तर तो परत गेला असता."

"बसली. म्हणूनच घात झाला. साचा वाचून दाखव."

निरूप वाचू लागला. आधी क्रमांक. मग उभी रेघ आणि गावाचं नाव, त्यांतल्या नावाभोवती कंस. या जोडीपुढे अधिकचं चिन्ह, म्हणजे अशी जोडी एकदा येवो की दहादा, चालेल. मग रेघ आणि आकडा.

"नावाभोवती कंस किती?"

"एकच. पण तो पुन्हा पुन्हा..." निरूपचं वाक्य तिथेच तुटलं.

"पुन्हा पुन्हा भरतो. पण खिसा एकच आहे ना त्याला? नेरळे आलं, खिशात गेलं. अत्तीकेरे आलं, नेरळे बाहेर. कल्लुकोप्प आलं, अत्तीकेरे बाहेर. साच्यातून वाचलं सगळं, हाती राहिलं शेवटचं. ना चूक दाखवली, ना तक्रार केली."

"जावास्क्रिप्टमध्ये असंच होतं," निरूप पुटपुटला. "मला माहीत होतं अक्का. कॉलेजात असताना माहीत होतं. एका ओळीत बसवायच्या नादात..." त्याला रडू फुटत होतं. "पण तपासताना कसं सुटलं? दोन गावांचा संदेश घालून आपण तपासलं होतं. यादीत तशी टीप आहे. पास झालाय."

"कोणी पास केला?"

विचारता विचारताच वारिजाला ती सकाळ लख्ख आठवली. तिने घाईघाईत उप्पीट खात संदेश घातला होता, अत्तीकेरे आणि कल्लुकोप्प, हत्ती एक. तिचा फोन वाजला. तिने बरोबरची खूण केली आणि बशी उचलली. तिचा फोन तीन वर्षांपूर्वी कल्लुकोप्पात जोडलेला होता, कारण पहिली चाचणी त्या गावात झाली होती. म्हणजे ओळीतलं शेवटचं गाव तिचंच होतं. पहिलं गाव गप्प राहिलं, ते ऐकायला ती तिथे नव्हती.

आणि नंतर बारा सकाळी तोच फोन वाजला की तिला बरं वाटत आलं होतं.

दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारी बाई! तिला स्वतःची एवढी शिसारी कधी आली नव्हती. काळम्माचा खुबा निरूपच्या एका ओळीने मोडला होता, आणि त्या ओळीवर खूण वारिजाची होती.

"निरूप, जुन्या चाळीस ओळी परत बसव. आधी रेघांवर तोडायचं, मग एकेक नाव उचलायचं. आत्ताच्या आत्ता."

"वीस मिनिटं लागतील, अक्का."

तिने फोन ठेवला आणि त्याच क्षणी तो तिच्या हातात वाजला. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. पडद्यावर इशारा होता. कल्लुकोप्प. हत्ती नऊ.

५

"हा कोणी पाठवला?" तिने मंचय्यासमोर फोन धरला.

"चिदानंदाने. आता तोच की."

"त्याला लिहायला कोणी शिकवलं?"

"मीच." मंचय्या ताडकन उठला. त्याला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण बाईच्या चेहऱ्यावरचं कळलं.

"म्हणजे त्यानेही वाट लिहिली असणार. यंत्र फक्त शेवटचं गाव सांगतंय. कल्लुकोप्प शेवटचं असेल, तर कळप आत्ता कुठे आहे?"

मंचय्याने डोळे मिटले, जेमतेम श्वासभर. "दुपारचे तीन. खालच्या ओढ्याला पाणी प्यायले, आता वर चढणार. अत्तीकेरेच्या खालच्या तुकड्यातून." त्याने डोळे उघडले. "तिथे तोडणी चालू आहे. अकरा बायका आहेत."

दोघं खळ्यावर धावत आले. अत्तीकेरेतल्या कोणाचाही फोन वाजलेला नव्हता. कल्लुकोप्पाच्या दुकानदाराचा वाजला होता, पण तो त्याने रोजच्यासारखा खिशात टाकला होता. माणसं पान खात बसली होती.

"सोमेगौडा, खालच्या तुकड्यातल्या बायकांना वर बोलवा! हत्ती येतायत!"

"कुठे येतायत?" सोमेगौडाने आपला फोन काढून पाहिला. "काही नाही. याने सांगितलं वाटतं तुम्हाला? बैठक चारला आहे रे मंच्या, तोवर हत्ती आणतोस होय?"

"बायकांना फोन तरी करा."

"तोडणीला फोन नेत नाहीत मंगळवारपासून. पडतात म्हणून मीच ठेवून घेतले."

"मग घंटा द्या!"

मळ्याची घंटा म्हणजे शेडच्या तुळईला टांगलेला रुळाचा तुकडा. संध्याकाळी साडेचारला तो वाजला की बायका तोडणी टाकून पोत्यांसह वजनाला वर येत. एरवी त्याला हात लावायचा हक्क रायटरशिवाय कोणाला नव्हता.

"दीड तास आधी? मालकाला काय सांगू?" सोमेगौडाने हात झटकला. "मॅडम, तुमच्याच कागदावर लिहिलंय ना, यंत्रात दोष नाही म्हणून? मग यंत्र सांगेल की."

वारिजा सगळ्यांकडे वळली.

"यंत्र चुकतंय. बारा दिवस चुकतंय. मंचय्याने तुमचं गाव रोज लिहिलं, यंत्राने रोज टाकलं. आणि ते नीट आहे असं सांगणारी मी होते. मी नीट तपासलं नाही. काळम्मा माझ्यामुळे पडली. आता घंटा द्या हो!"

सोमेगौडा हललाच नाही. जे ऐकलं ते त्याला पटायला वेळ लागत होता, आणि वेळच तर नव्हता.

बसवय्या कठड्यावरून उठला. त्याने वारिजाच्या हातातला फोन घेतला आणि त्यावरचा इशारा वाचला. मग दुसऱ्या हातातला बायकोचा फोन पाहिला. तो कोरा होता. दोन्ही फोन त्याने क्षणभर शेजारी शेजारी धरले. मग वारिजाला तिचा फोन परत दिला, शेडकडे पळाला आणि पहारीने रुळाचा तुकडा बडवू लागला. थांबेचना.

मंचय्या तोवर उताराला लागला होता. वारिजा बांधावर उभी राहून एकेक डोकं मोजत होती. कॉफीच्या झुडपांतून पहिली बाई वर आली, मग तिघी एकदम, कुरकुरत, आज लवकर कशी काय घंटा म्हणत. सात. आठ. नववी पोतं ओढत होती, मंचय्याने ते तिच्या हातातून हिसकून फेकलं. दहावी. अकरावी म्हातारी होती, तिला त्याने पट्टीच्या हातानेच आधार देऊन वर आणलं.

ती खळ्यावर टेकली आणि खाली सिल्व्हर ओकच्या झाडांवरचे मिरीचे वेल हलले. वारा नव्हता. मग झुडपं मोडल्याचा आवाज आला आणि राखाडी पाठी तुकड्यातून सावकाश वर सरकू लागल्या. नऊ होत्या. फेकलेल्या पोत्यापाशी एक हत्तीण थांबली, सोंडेने ते उलटं केलं, लाल फळं सगळी जमिनीवर सांडली, आणि ती पुढे गेली.

बैठक चारला झाली, पण काढण्यासारखं कोणी उरलं नव्हतं. वारिजाने एकतीस आणि पंधराचा हिशोब सगळ्यांसमोर धुळीत मांडून दाखवला. दुकानदाराने स्वतःच्या बोटांनी दोनदा मोजून खात्री केली. सोमेगौडाने मंचय्याची माफी मागितली नाही, पण त्याला खुर्ची दिली. त्या मळ्यात माग काढणाऱ्याला खुर्ची दिल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

मध्येच उदयशंकरांचा फोन आला. निरूपने त्यांना सांगितलं होतं. "वारिजा, ऐक. नेटवर्क गेलं होतं म्हण. घाटात रोजच जातं. कोणाला शंकासुद्धा येणार नाही."

"सांगून झालं, सर."

"काय सांगितलंस?"

"जे झालं ते." तिने कागदाची घडी उलगडली, पाठच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहिलं, खाली सही केली आणि कागद समितीकडे दिला.

हातोहात फिरत तो बसवय्यापाशी आला, पण त्याने घेतला नाही. "माझी बायको चालली नाही, तर तुम्ही काय करणार?" त्याने विचारलं. ओरडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. तो मंचय्यासमोर जाऊन उभा राहिला.

"दोन दिवस मी तुला शिव्या दिल्या."

"ऐकल्या," मंचय्या म्हणाला. "धुराड्यामागे सगळं ऐकू येतं." मग तो वारिजाकडे वळला. "अम्मा, आता मी एकच गाव लिहू का? यंत्राला तेवढंच झेपत असेल तर?"

"नाही," ती म्हणाली. "सगळी वाट लिहा. वाचायचं काम आमचं."

परत निघण्याआधी तिने स्वतःचा फोन अकराही गावांत जोडला.

शुक्रवारी ती पाचलाच उठून बसली. फोन समोर ठेवला, कॉफी केली, प्यायली नाही. सहा वाजून गेले. सहा दहा. सहा बारा. शेवटचं गाव वाजून चालणार नव्हतं. तिला आधीची ऐकायची होती.

सहा चौदाला फोन वाजला. नेरळे, हत्ती नऊ. मग काहीच नाही. तिने श्वास रोखला. पुन्हा वाजला. अत्तीकेरे, हत्ती नऊ. आणि लगेच तिसऱ्यांदा, कल्लुकोप्प.

तिचा श्वास सुटला न सुटला, तोच फोन चौथ्यांदा वाजला. या वेळी कोणाचा तरी फोन होता. अनोळखी नंबर. पलीकडे दवाखान्यासारखा प्रतिध्वनी, कुठेतरी स्टीलचं भांडं पडल्याचा आवाज.

"बसवय्या बोलतोय," तो म्हणाला. "काळम्माचा फोन आत्ता वाजला. तिच्या उशाशी होता. ती दचकून जागी झाली आणि म्हणाली, दार लाव."

मग त्याने फोन ठेवून दिला.